एका व्यक्तीसाठी ‘दे’: सहा शनिवारांच्या इंग्रजी अभ्यासक्रमाचे परीक्षण

गेली 18 वर्षे मी पुण्यातील एका अभियांत्रिकी कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार, बैठकांची इतिवृत्ते आणि निविदांची कागदपत्रे सांभाळते. मागच्या वर्षी ब्रिस्टॉलच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांचा आमच्या प्रकल्पाशी संबंध आला. पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात मी त्यांच्यासाठी तीन ठिकाणी ‘ही’ आणि ‘हिज’ लिहिले, कारण नावावरून मी तसे गृहीत धरले होते. त्यांनी सर्वांना प्रत न पाठवता फक्त मला दोन ओळींचा मेल केला, स्वतःसाठी ‘ही’ किंवा ‘शी’ऐवजी ‘दे’ (they) आणि ‘देम’ (them) ही सर्वनामे वापरावीत अशी विनंती केली आणि बाकीच्या इतिवृत्ताबद्दल आभार मानले. त्यांच्या प्रत्येक मेलखाली नावाच्या शेजारी ती सर्वनामे लिहिलेली होती. मी ती वाचलीच नव्हती. इतिवृत्त दुरुस्त करायला पाच मिनिटे लागली, पण पुढच्या बैठकीत बोलताना पुन्हा ‘ही’ निघाले, मग ते सुधारताना ‘दे इज’ निघाले आणि वाक्य अर्धवटच राहिले. नियम कळला होता, पण तो जिभेवर नव्हता. म्हणून मी या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला, आणि त्याचे हे परीक्षण आहे.

संस्थेचे नाव देत नाही. अशा प्रकारचे बरेच वर्ग सध्या चालतात, आणि यांपैकी कोणताही निवडताना काय तपासावे हे वाचकाला कळले तर नावाची गरज उरणार नाही. अभ्यासक्रम सहा शनिवारांचा होता, प्रत्येक सत्र 90 मिनिटांचे आणि शुल्क 3,600 रुपये. शिकवणाऱ्या बाई इंग्लंडमधून बोलत असत, त्यामुळे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असत. आम्ही 14 जण होतो. निम्म्याहून अधिक भारतातले होते आणि एकूण वर्गात पाच जण मराठी बोलणारे: नागपूरच्या एका बँकेत प्रशिक्षण देणाऱ्या बाई, चिपळूणला महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक, न्यूजर्सीत स्थायिक झालेले एक दांपत्य आणि मी.

पहिल्या सत्राने माझी निराशा केली. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपले नाव आणि आपली सर्वनामे सांगायची, अशी ओळखफेरी घेतली गेली. यामागचा हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे. सगळ्यांनी सांगितले की सांगणारी एखादीच व्यक्ती वेगळी पडत नाही. मात्र ज्या व्यक्तीने स्वतःविषयी अजून कोणाला काही सांगितलेले नाही किंवा जिचे स्वतःशीच अजून ठरलेले नाही, तिला या फेरीत एक तर अनोळखी 13 माणसांसमोर मन उघडे करावे लागते किंवा जे खरे वाटत नाही ते बोलावे लागते. ही फेरी ऐच्छिक आहे, नुसते नाव सांगितले तरी चालेल, हे एक वाक्य सुरुवातीला उच्चारले असते तर पुरे होते. ते उच्चारले गेले नाही. ज्या अभ्यासक्रमाचा विषयच समोरच्या माणसाला अवघडवू नये हा आहे, त्याने एवढी काळजी घ्यायलाच हवी होती.

दुसरे सत्र मात्र उत्तम होते, आणि केवळ त्यासाठीही शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरणे हे अलीकडचे खूळ आहे, असा समज आमच्यातल्या बहुतेकांचा होता, माझाही होता. बाईंनी ऑक्सफर्ड शब्दकोशात नोंदवलेले 1375 सालचे, एका मध्ययुगीन काव्यातले उदाहरण दाखवले. नंतर शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन यांच्या लेखनातली उदाहरणे आली. ज्या व्याकरणनियमामुळे आपल्याला शाळेत ‘एव्हरीवन’च्या पुढे ‘हिज’ लिहायला शिकवले, तो नियम त्यानंतरचा आहे. अठराव्या शतकात व्याकरणाची पुस्तके लिहिणाऱ्यांनी तो मांडला आणि 1850 साली ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेपुरता त्याच्यावर शिक्का मारला, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश आहे असे समजावे. आपल्याकडच्या 1897 सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये तीच तरतूद आली. चिपळूणचे प्राध्यापक यावर बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, ‘‘मी 20 वर्षे या वाक्यांवर लाल पेनने गोल करत आलो.’’ त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होते.

याच सत्रात ‘यू’ची हकीकत सांगितली गेली, आणि माझ्या मनातली सर्वांत मोठी अडचण तिने दूर केली. एकाच माणसाला ‘दे आर’ म्हणणे कानाला चुकीचे वाटते, ही ती अडचण. पण ‘यू’ हेसुद्धा मुळात अनेकवचनीच होते. एकासाठी ‘दाऊ’ होते, ते हळूहळू मागे पडले आणि एकाला उद्देशूनही ‘यू’ म्हणण्याची रीत रुळली. सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी या बदलाला कसून विरोध केला, एका माणसाला अनेकवचन लावणे त्यांना खोटेपणाचे वाटत होते. आज एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना आपण अनेकवचनी क्रियापद वापरतो आणि कोणालाही त्यात चूक दिसत नाही. ‘दे आर’चे व्याकरण अगदी हेच आहे.

येथेच अभ्यासक्रमाने आम्हा मराठी माणसांसाठी एक दार उघडायला हवे होते, आणि ते सहाही सत्रांत बंदच राहिले. एका व्यक्तीसाठी अनेकवचन हे आपल्याला शिकवावे लागते का? ‘आजोबा आले’, ‘सर वर्गात आहेत’, ‘आई कधी येणार, असे काकूंनी विचारले, तर त्यांना सांग’ ही वाक्ये आपण बोलायला लागल्यापासून बोलतो. व्यक्ती एक, सर्वनाम आणि क्रियापद अनेकवचनी, कारण आदर. मराठीत याचे दुसरे टोकही आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. दाराची कडी वाजली की आपण ‘कोण आलंय बघ’ म्हणतो. ‘आलाय’ किंवा ‘आलीय’ म्हणत नाही. ‘कोणीतरी छत्री विसरून गेलं’ असेच म्हणतो. ज्याचे लिंग ठाऊक नाही अशा माणसासाठी मराठी नपुंसकलिंग वापरते आणि त्यात कोणाचा अवमान होत नाही. म्हणजे अनोळखी माणसासाठी एक सोय आणि आदराच्या माणसासाठी दुसरी, अशा दोन सोयी मराठीत पूर्वापार आहेत. इंग्रजीत ही दोन्ही कामे एकटे ‘दे’ करते: छत्री विसरणाऱ्या अज्ञात माणसासाठीही आणि ज्यांनी आपल्यासाठी ते सर्वनाम निवडले आहे अशा ओळखीच्या माणसासाठीही.

हा फरक नीट समजला की पुढचे सगळे सोपे होते, आणि अभ्यासक्रमाची माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव हीच की चौथ्या सत्रापर्यंत त्याने हा फरक सांगितलाच नाही. ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ या वाक्यात लिहिणाऱ्याला पर्याय असतात. त्याला वाटले तर तो वाक्य फिरवू शकतो, ‘देअर’ टाळू शकतो. पण ब्रिस्टॉलच्या सहकाऱ्यांविषयी लिहिताना ‘दे’ ही शैलीची निवड उरत नाही. नावाचे स्पेलिंग जसे त्या व्यक्तीने सांगितले तसे लिहायचे, त्याच प्रकारची ती गोष्ट आहे. पहिल्या प्रकारात चुकले तर वाक्य बिघडते, दुसऱ्या प्रकारात माणूस दुखावतो. दोन्ही एकाच पारड्यात घालून तीन शनिवार घालवल्यामुळे वर्गात जे वाद झाले, त्यांतले बरेचसे टाळता आले असते. नागपूरच्या बाईंचा आक्षेप पहिल्या प्रकाराविषयी होता, शिकवणाऱ्या बाई उत्तर दुसऱ्या प्रकाराविषयी देत होत्या, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

तिसरे सत्र लेखनाचे होते आणि ते सर्वांत कच्चे होते. सोबतच्या कार्यपुस्तिकेत 40 वाक्ये होती. प्रत्येकातले ‘ही’ किंवा ‘ही ऑर शी’ काढून तेथे ‘दे’ घालायचे, एवढेच काम. असे यांत्रिक बदल केले की काय होते ते मी निविदांच्या कागदपत्रांत पाहिलेले आहे. ‘व्हेन अ क्लायंट मीट्स द मॅनेजर्स, दे मस्ट कॅरी देअर आयडी’ हे वाक्य पुस्तिकेने बरोबर म्हणून दिले होते. ओळखपत्र कोणी आणायचे, ग्राहकाने की व्यवस्थापकांनी? करारात असे वाक्य गेले तर पुढे त्यावरून भांडण होऊ शकते. अशा ठिकाणी अनुभवी लेखक सर्वनामच वापरत नाही; तो ‘द क्लायंट मस्ट कॅरी अ‍ॅन आयडी’ लिहितो. कधी संपूर्ण वाक्य अनेकवचनात नेतो, म्हणजे ‘ईच एम्प्लॉयी’ऐवजी ‘एम्प्लॉयीज’. कधी ‘हिज फॉर्म’ऐवजी नुसते ‘द फॉर्म’. सूचनापत्रक असेल तर थेट ‘यू’. हे उपाय कार्यालयात रोज लागतात. पुस्तिकेत त्यांना अर्धे पानही मिळाले नाही. मी विचारल्यावर बाईंनी ते सगळे तोंडी सांगितले आणि फार चांगले सांगितले, पण न विचारणाऱ्या बाकीच्या तुकड्यांचे काय?

पुस्तिकेतले आणखी एक विधान दुरुस्त व्हायला हवे. ‘सर्व प्रमाण शैलीपुस्तिकांनी एकवचनी दे मान्य केले आहे’ असे त्यात सरसकट म्हटले आहे. खरी वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली आहे, आणि कार्यालयात वरिष्ठांशी बोलताना ते टप्पे माहीत असले तर आपली बाजू पक्की राहते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2017 साली मर्यादित स्वरूपात परवानगी दिली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमावलीच्या 2019 सालच्या सातव्या आवृत्तीने त्याची स्पष्ट शिफारस केली. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ पुरुष किंवा केवळ स्त्री न मानणाऱ्या, व्यक्तीसाठीचा अर्थ ‘दे’च्या नोंदीत घातला आणि ‘दे’ हा वर्षाचा शब्द ठरवला. शिकागो विद्यापीठाच्या शैलीपुस्तिकेची 2017 सालची आवृत्ती विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत अनुकूल होती, पण सर्वसाधारण अर्थाच्या ‘दे’विषयी औपचारिक लेखनात सावध होती, 2024 सालच्या आवृत्तीत ती सावधगिरी सैल झाली. हे सारे पुस्तिकेच्या एका पानात मावले असते.

आपल्याकडच्या कायद्याच्या इंग्रजीविषयीही पुस्तिका गप्प आहे, आणि निम्मा वर्ग भारतातला असताना हे पटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या व्याख्यांमध्ये ‘ही’ हे सर्वनाम पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी अशा कोणत्याही व्यक्तीसाठी वापरले आहे असे म्हटलेले आहे. जुन्या दंडसंहितेत केवळ पुरुष आणि स्त्री यांचा उल्लेख होता. म्हणजे व्याप्ती वाढली आणि सर्वनाम मात्र ‘ही’च राहिले. कंपनीच्या धोरणपत्रकात ‘दे’ लिहायचे आणि त्याच पत्रकाला जोडलेल्या कायद्याच्या उताऱ्यात ‘ही’ ठेवायचे, हा पेच आमच्यासारख्यांना खरोखर पडतो. उतारा जसा आहे तसाच ठेवायचा आणि आपले वाक्य आपल्या धोरणाप्रमाणे लिहायचे, हे उत्तर मी वर्गाबाहेर एका वकील मैत्रिणीकडून मिळवले.

झी, झे अशा नव्याने घडवलेल्या सर्वनामांना एका सत्रात थोडा वेळ दिला होता. व्यक्तीने सांगितले तर ती वापरायची, एवढे पुरे आहे. त्यातला ‘दॉन’चा किस्सा मात्र लक्षात राहिला: चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन संगीतकाराने ‘दॅट वन’चा संक्षेप करून 1858 साली हे सर्वनाम घडवले, 1934 सालच्या वेब्स्टर शब्दकोशात ते पोहोचले आणि 1961 च्या आवृत्तीतून वगळले गेले, कारण लोक ते बोलेनात.

आता ज्यासाठी मी हा अभ्यासक्रम केला त्या भागाकडे येते. चौथे आणि पाचवे सत्र पूर्णपणे तोंडी सरावाचे होते, आणि ते इतके नेमके आखलेले होते की आधीच्या तक्रारी तेवढ्यापुरत्या मी विसरले. दोघादोघांच्या जोड्या केल्या जात. प्रत्येक जोडीला एका काल्पनिक सहकाऱ्याची माहिती दिली जाई: काम काय, रजेवर कधी, कोणत्या प्रकल्पावर. त्या सहकाऱ्याविषयी दोन मिनिटे सलग बोलायचे, सर्वनाम टाळायचे नाही, आणि चुकले की जोडीदाराने टेबलावर एकदा बोट वाजवायचे. पहिल्या फेरीत माझ्यासाठी 11 वेळा बोट वाजले. विशेष म्हणजे त्यांतल्या सात चुका सर्वनामाच्या नव्हत्या, क्रियापदाच्या होत्या. नाव घेतले की ‘इज’ आणि सर्वनाम घेतले की ‘आर’, हा उंबरठा एकाच वाक्यात ओलांडावा लागतो: ‘सॅम इज ऑन लीव्ह, बट दे आर चेकिंग मेल.’ मला ही उडी जमेना. मग तिसऱ्या फेरीआधी मी मनाशी एक गोष्ट केली. सॅमच्या जागी मी माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना बसवले, ज्यांच्याविषयी ‘तो’ हा शब्द माझ्या तोंडून कधी निघणारच नाही. त्या फेरीत बोट दोनदाच वाजले. चिपळूणच्या सरांना मी ही युक्ती सांगितली, त्यांनाही ती लागू पडली. मराठीतले आदरार्थी बहुवचन वर्गात यायला हवे होते असे मी वर म्हटले, ते या अनुभवावरून.

चूक झाल्यावर काय करायचे याचाही सराव पाचव्या सत्रात झाला, आणि तो फार उपयोगी आहे. शब्द सुधारायचा, ‘सॉरी’ एकदा म्हणायचे आणि वाक्य पुढे न्यायचे. लांबलचक माफी मागितली की समोरच्या माणसावर आपल्यालाच धीर देण्याची पाळी येते. माझी ब्रिस्टॉलच्या बैठकीतली चूक दुहेरी होती, हे मला तेव्हा कळले. ‘ही’ म्हणण्यापेक्षा नंतर मी जी अर्धा मिनिट दिलगिरी व्यक्त केली, तिने त्यांना अधिक अवघडायला झाले असेल.

सहावे सत्र प्रश्नोत्तरांचे होते. इंग्रजीतले ‘दे’ मराठीत कसे आणायचे, असे न्यूजर्सीच्या बाईंनी विचारले, कारण त्यांच्या भाचरांपैकी एकजण आता ‘दे’ वापरते आणि साताऱ्यातल्या आजीशी फोनवर त्यांच्याविषयी मराठीतच बोलावे लागते. इंग्रजीच्या वर्गाने याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा नव्हती, पण आम्ही पाच जणांनी सत्रानंतर अर्धा तास थांबून त्यावर विचार केला. मराठीत अडचण सर्वनामापेक्षा क्रियापदाची अधिक आहे. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत बोलणाऱ्यालाच आपले लिंग उघड करावे लागते. (कोल्हापूरकडच्या अनेक मुली ‘मी येतो’, ‘मी आलो’ असे सर्रास बोलतात, हे मात्र येथे आठवावे.) तरी वाटा आहेत. ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ वेगळे पडतात, पण ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना आवडलं’, ‘त्यांचं घर’ यांत काहीच कळत नाही. ‘आहेत’ आणि ‘येतील’ ही रूपेही सर्वांना सारखी. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘त्या व्यक्तीने तिचा अर्ज’ असे पुरुषाविषयीही आपण बिनदिक्कत लिहितो. या परीक्षणाच्या सुरुवातीला ब्रिस्टॉलच्या सहकाऱ्यांविषयी मी जे लिहिले, ते याच वाटेने लिहिले आहे. आजीच्या बाबतीत नातवंडासाठी आदरार्थी रूप थोडे परके वाटेल हे खरे, पण ‘पोर’ आणि ‘लेकरू’ हे दोन नपुंसकलिंगी आणि मायेचे शब्द आजीच्या तोंडी आधीपासूनच आहेत, हे त्या बाईंनाच सुचले आणि त्यांचे डोळे भरून आले.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. ध्वनी स्वच्छ होता, सत्रे वेळेवर सुरू झाली, चित्रमुद्रणे 30 दिवस पाहता येतात. तोंडी सरावाची चित्रमुद्रणे ठेवली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्यांचे काम फक्त लिहिण्याचे आहे त्यांनी या अभ्यासक्रमाऐवजी एखादी चांगली शैलीपुस्तिका घ्यावी. ज्यांना परदेशी सहकाऱ्यांशी रोज बोलावे लागते, ग्राहकसेवेत फोन घ्यावे लागतात किंवा वर्गात इंग्रजी शिकवायचे आहे, त्यांनी तो जरूर करावा. पण चौकशी करताना तोंडी सरावाची किती सत्रे आहेत आणि ओळखफेरी ऐच्छिक आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

अभ्यासक्रम संपल्यावर मी संस्थेला सविस्तर अभिप्राय पाठवला. ओळखफेरी पुढच्या तुकडीपासून ऐच्छिक करू, असे उत्तर दोन दिवसांत आले. ओळखपत्राचे वाक्य पुस्तिकेतून काढले जाणार आहे. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांसाठी आदरार्थी बहुवचनावर अर्धा तास ठेवावा या सूचनेवर बाईंनी माझ्याकडेच उदाहरणे मागितली. चिपळूणच्या सरांनी आणि मी मिळून 25 वाक्ये तयार केली आणि गेल्या आठवड्यात पाठवून दिली.